क्विंटलची कुळकथा

दसरा-दिवाळीच्या सुमारास खामगाव, मलकापूर, चिखली किंवा मेहकर, कोणत्याही बाजार समितीच्या आवारात जाऊन उभे राहा. सोयाबीनच्या ढिगाभोवती व्यापारी जमलेले असतात, भाव पुकारला जात असतो, हमाल पोती सरळ करीत असतात आणि दर दुसऱ्या वाक्यात एक शब्द कानावर पडतो : क्विंटल. शेतकरी त्याला ‘कुंटल’ म्हणतो, अडत्याच्या काटापट्टीवर तो ‘क्वि.’ एवढाच उरतो. तूर असो, हरभरा असो, मका असो की कापूस, आपल्या जिल्ह्यातला सारा व्यवहार या एका शब्दावर चालतो. हा शब्द मूळचा कुठला, असे आम्ही ओळखीच्या काही व्यापारी बंधूंना विचारले. बहुतेकांनी सांगितले, ‘इंग्रजी आहे, दुसरे काय!’ एका शिकलेल्या तरुणाने तर्क लढविला की ‘क्विन’ म्हणजे पाच, तेव्हा त्याचा पाचाशी काहीतरी संबंध असावा.

दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. हा शब्द जन्माने लॅटिन आहे आणि त्याच्या पोटात पाच नव्हे, शंभर दडलेले आहेत. शिवाय तो रोमहून निघाला तो थेट युरोपातून आपल्याकडे आलेला नाही. वाटेत तो अरबांच्या बाजारपेठेत शतकानुशतके राहिला, पवित्र कुरआनात आला आणि अरबी रूप घेऊनच पुन्हा युरोपात परतला. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी तो कुरआनाच्या पठणात अनेकदा उच्चारला आहे, त्यांनाही तो आणि बाजारातला क्विंटल एकच आहेत, याची कल्पना नसते.

शब्दाची ही चौकशी आम्ही केवळ हौसेखातर केलेली नाही. तिला एक कारण घडले, ते आधी सांगतो.

एका कारागिराचा फटका

आमच्या ओळखीचे एक पिंजारी गृहस्थ आहेत. वय साठीच्या पुढे. आम्ही त्यांना चाचाच म्हणतो. गाद्या, रजया, उशा भरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. काही वर्षांपूर्वी त्यांना एका वसतिगृहाच्या चाळीस गाद्यांचे काम मिळाले. गादीला दहा किलो रुई, म्हणजे एकूण चारशे किलो. एरवी ते किलोवर माल आणीत. पण काम मोठे म्हणून या वेळी त्यांनी रुईच्या व्यापाऱ्याकडे सरळ घाऊक भाव विचारला. व्यापाऱ्याने सांगितले, खंडीला चाळीस हजार.

चाचांच्या डोक्यात खंडी म्हणजे चार क्विंटल, असे कुणीतरी कधीतरी भरवून दिलेले होते. त्यांनी हिशेब केला : चारशे किलोला चाळीस हजार, म्हणजे किलोला शंभर. त्या आधारावर त्यांनी गादीचा दर ठरवून दिला. गादीमागे दीडशे रुपये मजुरी धरली, म्हणजे साऱ्या कामात सहा हजार सुटणार होते. एका खंडीचे पैसे मोजून माल घरी आला, काट्यावर चढला आणि भरला तीनशे छपन्न किलो!

चाचा तावातावाने व्यापाऱ्याकडे गेले. व्यापाऱ्याने शांतपणे उत्तर दिले, ‘चाचा, रुईची खंडी तीनशे छपन्नचीच असते. मी कमी दिलेले नाही.’ आणि ते खरेच होते. चाचांना उरलेली चव्वेचाळीस किलो रुई त्याच भावाने, म्हणजे किलोला ११२ रुपये ३६ पैसे देऊन घ्यावी लागली. त्यात ४,९४४ रुपये गेले. सहा हजारांच्या मजुरीतले हजार रुपये हाती उरले, तेही पंधरा दिवस दोघा मुलांसह पिंजून आणि शिवून. कुणी फसविले नव्हते, काटा चोख होता, भाव बाजारचा होता. फक्त एका शब्दाचा अर्थ दोघांच्या डोक्यात वेगळा होता.

तेव्हापासून बाजारातल्या मापांच्या शब्दांकडे आम्ही जरा बारकाईने पाहू लागलो. त्यातला सर्वांत मोठा शब्द क्विंटल, म्हणून त्याच्यापासून सुरुवात.

रोमचे शंभर

लॅटिन भाषेत शंभराला ‘केंटुम’ म्हणतात. सेंटिमीटर, सेंट, पर्सेंट, सेंच्युरी हे आपल्या रोजच्या वापरातले शब्द त्याचेच वंशज. भाषांचे अभ्यासक सांगतात की लॅटिन, संस्कृत आणि फारसी या एकाच मोठ्या कुटुंबातल्या भाषा आहेत. त्यामुळे लॅटिनचे ‘केंटुम’, संस्कृतचे ‘शत’ आणि फारसीचे ‘सद’ हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत. मराठीतला ‘शेकडा’ या ‘शत’वरून आला आणि उर्दूतले ‘फीसदी’ व ‘सदी’ त्या ‘सद’वरून. म्हणजे शेकडा, फीसदी आणि पर्सेंट असे आपण तीन भाषांत बोलतो, पण मुळाशी शब्द एकच.

या ‘केंटुम’वरून लॅटिनमध्ये ‘केंटेनारियुम’ असा शब्द तयार झाला. अर्थ, शंभराचे वजन. शंभर कशाचे, तर शंभर ‘लिब्रा’. लिब्रा हे रोमन लोकांचे वजनाचे मूळ माप, आजच्या सुमारे ३२७ ग्रॅमच्या जवळपासचे. लिब्रा म्हणजे तराजूही. राशीचक्रातल्या तूळ राशीला युरोपात आजही लिब्राच म्हणतात.

रोमन साम्राज्याचा पूर्वेकडचा भाग पुढे कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधून चालू लागला. तिथली भाषा ग्रीक होती. ग्रीक लोकांनी शब्द ‘केंटेनारिऑन’ असा घेतला आणि तो विशेषकरून सोन्याच्या मोजणीसाठी वापरला. एका पौंड सोन्याची बहात्तर नाणी पाडली जात. त्यामुळे एक केंटेनारिऑन म्हणजे शंभर पौंड सोने, अर्थात ७,२०० सुवर्णनाणी. बादशाही खजिन्याचे आणि तहांच्या खंडणीचे आकडे या मापात सांगितले जात. सामान्य माणसाच्या कानी हा शब्द पडे तो डोळे दिपविणाऱ्या दौलतीच्या अर्थानेच.

अरबांचा किंतार

शाम, म्हणजे आजचा सीरिया आणि आसपासचा मुलूख, हा तेव्हा याच साम्राज्याचा प्रांत होता. तिथल्या आरमाईक बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडी शब्द आला, त्यांच्याकडून अरबांकडे गेला आणि ‘किंतार’ झाला. मक्केच्या कुरैशांचे काफिले व्यापारासाठी शामला जात असत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कातडी, अत्तर, मसाले एका दिशेने आणि धान्य, कापड दुसऱ्या दिशेने, अशा या वाहतुकीत मापांचे शब्दही उंटांच्या पाठीवरून प्रवास करीत.

पवित्र कुरआनात हा शब्द येतो. सूरह आले इमरानच्या चौदाव्या आयतीत माणसाला मोह पाडणाऱ्या गोष्टींमध्ये सोन्याचांदीच्या किंतारांच्या राशींचा उल्लेख आहे. सूरह निसाच्या विसाव्या आयतीत पत्नीला दिलेल्या महरच्या संदर्भात तो आला आहे : किंतारएवढा दिला असला तरी त्यातले काही परत घेऊ नये, असा तिचा आशय. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण जागा म्हणजे आले इमरानची पंचाहत्तरावी आयत. तिथे अमानतीची चर्चा आहे. किंतारभर संपत्ती विश्वासाने ठेवली तरी परत करणारी माणसे असतात आणि एक दिनार ठेवला तरी पाठीस लागल्याशिवाय परत न करणारीही असतात, असा तिथला मथितार्थ. मोठ्यात मोठी रक्कम किंतार, लहानशी रक्कम दिनार. गंमत अशी की हे दोन्ही शब्द मूळचे लॅटिन. ‘दिनार’ आला ‘देनारियुस’वरून. हे रोमचे चांदीचे नाणे. नावात दहाचा आकडा आहे, कारण सुरुवातीला ते दहा ताम्रनाण्यांच्या बरोबरीचे होते. पुढे अरब लोक रूमच्या सोन्याच्या नाण्याला दिनार म्हणू लागले. आज कुवेतला किंवा बहारीनला कामाला गेलेला आपला मुलगा जो दिनार कमावतो, तो हाच.

किंतार म्हणजे नेमके किती, यावर मात्र मुफस्सिरांत आणि कोशकारांत एकमत नव्हते. कुणी बाराशे उकिया म्हटले, कुणी बारा हजार दिरहम, तर कुणी बैलाचे कातडे भरून मावेल एवढे सोने. शब्द कुठला याबद्दलही मते होती. कुणी तो रूमी म्हटला, कुणी सुर्यानी. कैरोचे प्रसिद्ध विद्वान इमाम सुयूती (मृत्यू १५०५) यांनी कुरआनातल्या अशा शब्दांचा संग्रह केला आणि त्यात किंतारबद्दलची ही मते नोंदविली. त्यांच्याही खूप आधी अबू उबैद अल-कासिम इब्न सल्लाम (मृत्यू ८३८) यांनी या वादावर तोडगा सांगितला होता : असे शब्द मुळात परके असतील, पण अरबांच्या जिभेवर रुळले आणि अरबीच झाले. व्यापारी माणसाला हे सहज पटावे. परमुलखातला माल आपल्या दुकानात आला, आपल्या गिऱ्हाइकाच्या अंगवळणी पडला, की तो आपलाच होतो.

बाजारात मात्र ‘बैलाचे कातडे भरून’ असे म्हणून चालत नाही. तिथे अरबांनी हिशेब पक्का ठेवला : शंभर रत्लांचा एक किंतार. रोमचे शंभर पुन्हा जागेवर आले.

परतीचा प्रवास आणि कोकणचा किनारा

स्पेन, सिसिली आणि भूमध्य समुद्राच्या बंदरांतून अरबांचा व्यापार युरोपशी चाले. व्हेनिस, जिनोव्हा इथले सौदागर अलेक्झांड्रियाहून मिरी, आले, कापूस, साखर उचलीत. माल ज्या मापाने घेतला त्या मापाचे नावही ते घेऊन गेले. अरबी ‘किंतार’चे मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘क्विंताले’ झाले. ज्या भाषेतून शब्द निघाला होता त्याच भाषेत तो नवे कपडे घालून परत आला आणि घरच्यांनी त्याला ओळखलेही नाही! त्याचे ‘केंटुम’शी असलेले नाते पुसले गेले. त्यामुळेच ‘क्विन’ पाहून अनेकांना पाचाचा भास होतो. प्रत्यक्षात ‘क्विं’ ही अरबी ‘किं’ची खूण आहे. इटली, फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल या साऱ्या देशांत हे माप रूढ झाले.

पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात स्थिरावले. मलबारच्या मिरीचे त्यांचे हिशेब ‘किंताल’मध्ये असत. एक किंताल म्हणजे १२८ ‘अर्रातेल’, आजचे साधारण ५९ किलो. हा अर्रातेलसुद्धा अरबी ‘रत्ल’चेच पोर्तुगीज रूप. १५५४ साली आंतोनियु नुनेश या पोर्तुगीजाने हिंदुस्थानातल्या आणि आसपासच्या बंदरांतल्या वजनमापांचे एक पुस्तकच तयार केले. त्यात गोवा, चौल, वसई अशा बंदरांची मापे एकमेकांशी ताडून दिली आहेत. एका बंदरातले माप दुसऱ्या बंदरात चालत नाही आणि त्यापायी खोट येते, ही अडचण तेव्हाही होतीच. म्हणजे आमच्या पिंजारी चाचांचे दुखणे सुमारे पावणेपाचशे वर्षे जुने आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९५ मध्ये फ्रान्सने मेट्रिक पद्धत स्वीकारली. जुने माप मोडले, पण जुने नाव कामाला आले. शंभर किलोग्रॅमला क्विंटल म्हणू लागले. भारतात वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पासून जुनी वजने व्यापारातून कायद्याने हद्दपार झाली. मण-शेर गेले, किलो-क्विंटल आले. कोकण किनाऱ्यावर एकदा येऊन गेलेला हा पाहुणा अशा रीतीने चारशे वर्षांनी वऱ्हाडच्या काळ्या मातीत पोहोचला आणि कायमचा राहिला.

नाव एक, वजने अनेक

क्विंटल आपल्याकडे शंभर किलोचा ठरला म्हणून तो सगळीकडे तसाच होता, असे मात्र समजू नये. शामचा जुना किंतार सुमारे २५६ किलोचा, मिसरचा पंचेचाळीस किलोच्या आतबाहेर, तुर्कस्तानचा सुमारे ५६ किलोचा, माल्टा बेटावरचा साधारण ७९ किलोचा. स्पेनचा क्विंतालही शंभर पौंडांचाच, पण तो ४६ किलो भरे. जर्मनीत याच लॅटिन शब्दाचे ‘त्सेंटनर’ झाले आणि त्याचे वजन ठरले पन्नास किलो. शेजारच्या ऑस्ट्रियात त्याच नावाचे वजन शंभर किलोचे. इंग्रजांच्या ‘हंड्रेडवेट’मध्ये तर शंभर हे नाव असून वजन ११२ पौंडांचे, म्हणजे पन्नास किलो आठशे ग्रॅम. तुर्की भाषेत ‘कंतार’ म्हणजे खुद्द वजनकाटा असाही अर्थ आहे.

हे असे का झाले? ‘शंभर’ सर्वत्र कायम राहिले, पण शंभर कशाचे, ते प्रत्येक शहराने आपापले ठरविले. दमास्कसचा रत्ल कैरोच्या रत्लाच्या साडेपाच पटींहून अधिक भारी होता, तेव्हा किंतारही तितकाच भारी.

मिसरचे उदाहरण आपल्या कापूसवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावे. तिथे कापसाचा धंदा कंतारावर चालतो. पण सरकीसकट कापसाचा कंतार १५७.५ किलोचा आणि रुईचा कंतार ५० किलोचा. पीक एक, नाव एक, माल जिनिंगच्या अलीकडचा की पलीकडचा, यावर वजन बदलते. नाईलच्या काठी जो घोळ, तोच आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात. फक्त आपल्याकडे शब्द दोन आहेत.

खामगावची खंडी

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि मिसर व वऱ्हाड या दोन्ही मुलखांच्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली. खामगाव मुख्य मार्गापासून बाजूला पडत होते. पण तिथली कापसाची पेठ इतकी मोठी होती की जलंबहून खामगावपर्यंत खास फाटा टाकण्यात आला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत तो सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारांचा कायदा लागू झाला. आजच्या बाजार समित्यांची मुळे त्यात आहेत.

इथला कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाई. त्यामुळे मापही मुंबईचे चाले. मुंबईचा मण २८ पौंडांचा, आणि कापसाच्या खंडीत मण २८. अठ्ठावीस गुणिले अठ्ठावीस, ७८४ पौंड. किलोत मांडले तर ३५५ किलो ६२० ग्रॅम. व्यवहारात ३५६ धरतात. रुईची खंडी ती हीच. धान्याच्या व्यवहारात मात्र वीस मणांची खंडी होती. मण मुंबईचा धरला तर ती २५४ किलोची होते आणि चाळीस शेरांचा रेल्वेचा मण, म्हणजे ३७ किलो ३२० ग्रॅम धरला, तर ७४६ किलोची! तेव्हा ‘खंडी’ हा एकच शब्द ऐकून जो आकडा डोक्यात येतो, तो आपापल्या घराण्याच्या धंद्यावर अवलंबून असतो. चाचांच्या डोक्यातले चार क्विंटल यांपैकी कशातच बसत नव्हते.

१९६२ नंतर मण आणि शेर गेले, पण रुईची खंडी गेली नाही. कापूस शेतकऱ्याकडून क्विंटलवर घेतला जातो; तोच जिनिंगमध्ये जाऊन रुई झाला की त्याचा भाव खंडीवर बोलला जातो. गाठींचा हिशेब आणखी तिसरा. जुनी गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे दोन गाठींची बरोबर एक खंडी होई. आता गाठ १७० किलोची धरतात; दोन गाठींचे ३४० किलो होतात आणि खंडीला सोळा किलो कमी पडतात. जुन्या माणसाने ‘दोन गाठी म्हणजे खंडी’ असे सांगितले तर ते त्याच्या काळापुरते खरे होते. आज तसा सौदा केला तर खोट येईल.

रत्तल, लिटर, पौंड

किंतारच्या पोटातल्या रत्लाचीही हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी इंग्रजी पौंडाला ‘रत्तल’ हा शब्द होता. तो अरबी ‘रत्ल’. अभ्यासकांच्या मते तो ग्रीक ‘लित्रा’ची अक्षरे उलटीपालटी होऊन बनला. त्याच ‘लित्रा’वरून फ्रेंचांनी ‘लिटर’ केला. म्हणजे आजोबांचा रत्तल आणि नातवाच्या दुधाच्या पिशवीवरचा लिटर हे एकाच घरचे; एक वजनाचा, दुसरा आकारमानाचा.

‘लित्रा’ची लॅटिन जोड म्हणजे वर सांगितलेली ‘लिब्रा’. इंग्रज पौंड म्हणतात, पण लिहिताना ‘एल बी’ अशी अक्षरे घालतात, ती या लिब्राची. तुर्कस्तानचा लिरा हे चलनही लिब्राचेच अपत्य. तसेच लॅटिन ‘उंकिया’, म्हणजे बारावा हिस्सा; त्यापासून अरबी ‘उकिया’ झाला, इंग्रजी ‘औंस’ झाला आणि शिंप्याच्या टेपवरचा ‘इंच’सुद्धा झाला. इंच फुटाचा बारावा हिस्सा आहे, तो उगाच नव्हे. आपल्या खामगावचे चांदीचे बाजार प्रसिद्ध आहेत. तिथल्या व्यापाऱ्याने परदेशी चांदीचा भाव औंसात वाचला आणि शेजारच्या शिंप्याने कुर्त्याची लांबी इंचात मोजली, तर दोघेही रोमचा एकच शब्द वापरीत असतात.

मग आपण काय करावे?

शब्दांचे हे नातेगोते ऐकायला गोड आहे, पण धंद्यात त्याचा धडा काय? आमच्या मते धडा एकच : मापाचे नाव म्हणजे माप नव्हे. नावामागचा आकडा विचारल्याशिवाय सौदा पक्का करू नये. या दृष्टीने काही गोष्टी आम्ही व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवतो.

पहिली, भाव कोणत्याही मापात सांगितला तरी तो लगेच किलोवर आणावा. रुईच्या खंडीचा भाव ३.५६ ने भागला की क्विंटलचा भाव निघतो आणि त्याला शंभराने भागले की किलोचा. चाळीस हजारांची खंडी म्हणजे ११,२३६ रुपये क्विंटल, म्हणजे ११२ रुपये ३६ पैसे किलो. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये गणकयंत्र आहे. चाचांनी ते दहा सेकंद वापरले असते तर पाच हजार वाचले असते.

दुसरी, वजन बारदानासकट की बारदान वजा जाता, हे आधी बोलून घ्यावे. कडता, धडा, सूट अशा नावांनी जे काही कापले जाते त्याचा आकडा विचारावा आणि तो कशासाठी आहे, हेही विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

तिसरी, पावतीवर ‘एक खंडी’ किंवा ‘दोन गाठी’ एवढेच न लिहिता किलोचा आकडा लिहून घ्यावा. वैधमापनाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्यानुसार भाव सांगणे आणि पावती करणे प्रमाणित मापातच व्हायला हवे. तोंडी बोलण्यात खंडी राहिली तरी कागदावर किलो असला म्हणजे भांडणाला जागा उरत नाही.

चौथी, आपल्या स्वतःच्या काट्याची. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी आणि लोखंडी वजनांची दर दोन वर्षांनी वैधमापनशास्त्र निरीक्षकाकडून करून घ्यावी लागते. पुष्कळ छोटे दुकानदार हा खर्च टाळतात. पण काटा बिघडला तर तो नेहमी गिऱ्हाइकाविरुद्धच बिघडतो, असे नाही. किलोमागे दहा ग्रॅम जास्त जात असेल तर क्विंटलमागे एक किलो घरचा जातो आणि दुकानदाराला त्याचा पत्ताही लागत नाही.

पाचवी आणि शेवटची, विकणाऱ्याची जबाबदारी. घेणारा अडाणी आहे, त्याच्या डोक्यात मापाचा चुकीचा आकडा आहे, हे दिसत असूनही गप्प बसणे कायद्याने कदाचित गुन्हा ठरत नसेल. पण ज्या दीनमध्ये मापात मारणाऱ्यांच्या नावाने एक अख्खी सूरह, सूरह मुतफ्फिफीन, आहे, त्याच्या अनुयायाला एवढ्याने समाधान वाटू नये. खंडी बोलताना ‘म्हणजे तीनशे छपन्न किलो’ एवढे चार शब्द पुढे जोडायला काय लागते?

चाचांची गोष्ट अर्धीच सांगितली, ती पुरी करतो. त्यांनी त्या व्यापाऱ्याशी संबंध तोडले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याकडेच गेले. व्यापाऱ्याने भाव सांगायला तोंड उघडताच चाचा म्हणाले, ‘भाई, खंडी-बिंडी तुमच्या मुंबईवाल्यांसाठी ठेवा. मला किलो सांगा.’ व्यापारी हसला आणि त्याने किलोचा भाव सांगितला. चाचांच्या दुकानात आता भिंतीवर खडूने लिहिलेले असते : रुईची खंडी ३५६ किलो, गाठ १७० किलो, क्विंटल १०० किलो. मुले बदलली, भिंतीला दोनदा रंग दिला गेला, पण ते तीन आकडे दर वेळी पुन्हा लिहिले जातात.